शब्दचर्चा : पोटातल्या गॅसचा 'दाब' की 'दबाव'? आणि तो 'राखायचा' की 'स्थिर ठेवायचा'?

प्रश्न (अनुवादक, सांगली)
नमस्कार मंडळी. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी रुग्णाला द्यायचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. जुन्या मसुद्यात वाक्य आहे : 'शस्त्रक्रियेदरम्यान उदरपोकळीतील वायूचा दबाव स्थिर ठेवला जातो.' एका आजींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मला गॅसेसचा त्रास नाही हो." 'दबाव' मलाही खटकतोय. 'पोट फुगवतात' असं लिहू का? एकाने 'वातोदर' हा शब्द सुचवला आहे, तो चालेल?

उत्तर
'दाब'च. रक्तदाब, हवेचा दाब, टायरमधला दाब. 'दबाव' माणसावर येतो, घरच्यांचा नाही तर साहेबांचा. हल्ली बातम्यांत 'कमी दबावाचा पट्टा' ऐकू येतो, तो हिंदीतून आलाय. रुग्णाच्या कागदावर तरी नको.

उत्तर
'वातोदर' कृपया वापरू नका. आयुर्वेदात आठ उदररोग सांगितले आहेत. जलोदर त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा, आणि वातोदरही त्यातलाच. वैद्यांकडे जाणारा माणूस हा शब्द वाचून नवाच आजार जडला असं समजेल. 'पोटफुगी'चीही तीच गत. 'फुगवणे' मात्र चालेल, कारण त्यात कोणीतरी मुद्दाम करतंय हे कळतं. 'फुगणे' आणि 'फुगवणे' यांत इथे फार अंतर आहे.

उत्तर (भूलतज्ज्ञ)
'राखणे' हे क्रियापद हवंच. 'स्थिर' मात्र काढा. ऑपरेशनभर पोटात वायू भरणाऱ्या यंत्रावरचा दाबाचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर असतो आणि तो हलत असतो.

पोटाची भिंत एरवी आतड्यांवर टेकलेली असते. कार्बन डायऑक्साइड सोडला की ती वर उचलली जाते आणि दुर्बिणीला जागा मिळते. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही (आत विजेवर चालणारं हत्यार वापरतात) आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. मोठ्या माणसात दाब साधारण 12 ते 15 लावतात. एकक रक्तदाबाचंच, पाऱ्याचे मिलिमीटर.

दाब जास्त झाला तर पोटातल्या मोठ्या शिरा दबतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, श्वासपटल वर ढकललं जातं आणि फुप्फुसांत हवा भरायला जोर लागतो. कमी झाला तर भिंत खाली येते, आतडी कॅमेऱ्यासमोर येतात, आणि सर्जनना पित्ताशयाच्या नळीवर क्लिप लावता लावता हात थांबवावा लागतो. दाब पडायला निमित्तही फार लागत नाही. सक्शन (आतलं रक्त-पाणी ओढून घेणारी नळी) लावलं, हत्यार बदलताना झडपेतून वायू निसटला. यंत्र तेवढा वायू पुन्हा भरतं. उलट, स्नायू सैल ठेवणारं औषध उतरू लागलं की पोट घट्ट होतं आणि आकडा चढतो. यंत्र वायू सोडायचं थांबतं, सर्जन पडद्याआडून विचारतात, "पोट टाइट आहे का?", आणि मी पुढचा डोस देते.

हे सांभाळणारं स्वयंचलित यंत्र जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी 1960च्या दशकात पुढे आणलं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण दाबावर लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर ही शस्त्रक्रिया सुरक्षित होऊच शकत नाही. म्हणून 'ठरावीक मर्यादेत राखतात' असं लिहा.

उत्तर
'उदरपोकळी'ऐवजी साधं 'पोट' लिहा. आणि 'दुर्बीण' राहू द्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990मध्ये या पद्धतीने पित्ताशय काढलं. आज खेड्यातला माणूसही 'दुर्बिणीने काढलं' असंच सांगतो.

अनुवादक
सर्वांचे आभार. आता असं केलंय : 'दुर्बिणीने नीट दिसावं म्हणून भूल दिल्यानंतर तुमच्या पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात. ऑपरेशन संपेपर्यंत या वायूचा दाब यंत्राच्या मदतीने ठरावीक मर्यादेत राखतात. शेवटी वायू बाहेर सोडतात.' 'गॅस' शब्द पूर्ण टाळला आहे.

उत्तर (भूलतज्ज्ञ)
छान. एक वाक्य जोडा : 'नंतर एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो.' थोडा वायू आत उरतो, श्वासपटल चुरचुरतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. आधी सांगितलं नाही तर रात्री दोन वाजता नातेवाईक हृदयविकार समजून धावत येतात.