३ वर्षांची चाचणी १२ मिनिटांत कशी मांडायची? (फळबाग परिषद, नागपूर)

काटोलरोड:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नागपुरातच एका फळबाग परिषदेत माझं तोंडी सादरीकरण आहे. वेळ १२ मिनिटं, वर ३ मिनिटं प्रश्नांना. विषय: नागपुरी संत्र्यात पाणी देण्याच्या पद्धती आणि डिंक्या (बुंध्याच्या सालीतून डिंक गळण्याचा रोग). चाचणी ३ वर्षांची, पद्धती ५ (सपाट वाफा, एकेरी आळं, दुहेरी आळं, ठिबकची एक नळी, ठिबकच्या दोन नळ्या), प्रत्येकीच्या ४ पुनरावृत्ती. समोर शास्त्रज्ञ, कृषी अधिकारी, रोपवाटिकावाले आणि काही बागायतदार. स्लाइड मराठीत चालतील असं आयोजकांनी कळवलंय.

सध्या ३४ स्लाइड झाल्यात, त्यातल्या ९ नुसत्या तक्त्यांच्या. संत्रं म्हणून पार्श्वभूमी नारिंगी, अक्षरं पांढरी. तक्ते जुने, श्रीलिपीत टाइप केलेले, तेच चिकटवलेत. काय ठेवू, काय काढू? प्रश्नोत्तरांची तयारी कशी करू?

आकडेमोड:
ताई, ३४ मधून काढत बसाल तर २५ च्या खाली उतरणार नाही, कारण प्रत्येक स्लाइडमागे एक उन्हाळा गेलेला असतो. कोरा कागद घ्या आणि त्यावर एकच वाक्य लिहा: ऐकणारा माणूस बाहेर चहाच्या रांगेत शेजाऱ्याला काय सांगेल ते. तुमचं वाक्य साधारण असं असेल: 'पाणी बुंध्यापासून लांब ठेवलं की डिंक्या कमी होतो आणि फळं काही घटत नाहीत.' आकडे तसं म्हणत असतील तरच, अर्थात. या वाक्याला टेकू न देणारी स्लाइड कितीही कष्टाची असो, ती मागे जाईल.

भाषण साडेदहा मिनिटांचंच बसवा. नाव पुकारणं, माईक हातात येणं, फाइल उघडणं यात उरलेलं दीड मिनिट कधी गेलं ते कळतही नाही. शीर्षकाला अर्धं मिनिट, प्रश्न काय आहे याला दीड, चाचणीच्या मांडणीला दोन, निष्कर्षांना पाच, बागेत काय करायचं याला दीड. एवढ्यात ९ ते ११ स्लाइड बसतात. डिंक्या म्हणजे काय हे या सभेला शिकवू नका, तिथे दोन स्लाइड घालवणं ही नेहमीची चूक. 'फायटोफ्थोराचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत सालीपर्यंत पोचतात' एवढं एक वाक्य मात्र हवंच (फायटोफ्थोरा म्हणजे डिंक्या आणणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव), कारण तुमची सगळी चाचणी त्यावर उभी आहे.

मांडणीच्या स्लाइडवर परिच्छेद लिहू नका. एका झाडाची वरून दिसणारी आकृती पाच वेळा काढा: बुंधा म्हणजे काळा ठिपका, ओली जमीन निळी. सपाट वाफ्यात निळा रंग ठिपक्याला भिडलेला, दुहेरी आळ्यात बुंध्याभोवतीचं आतलं आळं कोरडं. दहा सेकंदांत माणसाला फरक कळतो. खाली एकच ओळ: झाडांचं वय, खुंट (ज्यावर संत्र्याचं कलम बांधलं ते झाड), अंतर, पुनरावृत्ती.

आता शीर्षकं. 'उत्पादनावरील परिणाम' हे कपाटातल्या फायलीला ठीक आहे. स्लाइडच्या माथ्यावर पूर्ण वाक्य हवं, क्रियापदासकट, फार तर दोन ओळींचं. शीर्षकाने काय होऊ शकतं याचं जगजाहीर उदाहरण कोलंबिया यानाचं. १ फेब्रुवारी २००३ ला ते परतीच्या वाटेवर तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि यान वर असतानाच अभियंत्यांनी नासाला त्याबद्दल स्लाइड दाखवल्या होत्या. त्यातल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं. ज्या जुन्या चाचणीवर तो धीर टेकला होता तिच्यातला तुकडा ३ घनइंचांचा आणि यानावर आदळलेला अंदाजे १९२० घनइंचांचा, हा खरा मुद्दा होता अगदी तळच्या ओळीत. चौकशी मंडळाच्या अहवालाने त्या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली.

तक्ते: ५ पद्धती आणि ८ रकाने धरले तर एका स्लाइडवर ४० आकडे. मागच्या रांगेतला एकही वाचणार नाही, पुढच्या रांगेतला वाचत बसेल आणि तुमचं ऐकणार नाही. एका स्लाइडवर एकच आलेख घ्या. आडवे पाच स्तंभ, मोठ्याकडून लहानाकडे. पद्धतीचं नाव स्तंभाच्या डाव्या टोकाला, आकडा उजव्या टोकाला. रंगांची वेगळी सूची बाजूला ठेवली की डोळ्यांना सारखी ये-जा करावी लागते, म्हणून ती नको. अक्ष शून्यापासून सुरू. त्रिमितीय स्तंभ चुकूनही नको, त्यांची उंची नेमकी कुठे संपते तेच दिसत नाही. कोपऱ्यात ५ टक्के पातळीची सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक खरा मानायला तो किमान केवढा हवा) लिहा. दोन पद्धतींतला फरक सी.डी.पेक्षा कमी असेल तर बोलताना 'जास्त' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, पहिली रांग तिथेच धरते.

आणि ३ वर्षांची नुसती सरासरी नको. संत्र्याला एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष कमी अशी खोड असते, सरासरीत ती बुजते. तीन वर्षांचे तीन छोटे आलेख शेजारी-शेजारी ठेवा, अक्ष तिघांचा सारखा.

बर्डीवाला:
श्रीलिपीतले तक्ते चिकटवून राहिल्या म्हणता, पहिला घात तिथंच आहे. जुन्या श्रीलिपीतला किंवा कृतिदेवमधला मजकूर युनिकोड नसतो. कॉम्प्युटरला ती रोमन अक्षरंच वाटतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. सभागृहातल्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की 'संत्रा'च्या जागी गिचमिड. आकडे युनिकोडात नव्याने टाइप करा. तक्त्यांचे तीन-चार आलेखच उरणार असतील तर काम एका बैठकीचं.

फॉन्ट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी, जरा जाड वजनाचा. बारीक रेषेच्या फॉन्टात प्रोजेक्टरवर सगळ्यांत आधी अनुस्वार आणि रफार मरतात. 'खुंट'चा 'खुट' होतो. मजकूर २८ पॉइंट, शीर्षक ३६. ओळींमधलं अंतर १.२ करा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर बसतात. आलेखातले आकडे एक्सेलमधून इंग्रजीच येतात, म्हणून सगळीकडे इंग्रजी आकडेच ठेवा. अर्धे इकडचे अर्धे तिकडचे वाईट दिसते. फाइल सेव्ह करताना फॉन्ट आतच टाका: विंडोजवरच्या पॉवरपॉइंटात फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथं तळाशी एम्बेडची खूण, आणि खालचा 'सगळी अक्षरं' हा पर्याय. शिवाय एक पीडीएफ प्रत. बाकी सगळं फसलं तरी ती उघडते.

अक्षर मागून दिसेल का, हे घरीच कळते. पडद्याची रुंदी आणि शेवटच्या रांगेचं अंतर आयोजकांना विचारा. पडदा ३ मीटर आणि शेवटची रांग १५ मीटरवर असेल तर अंतर रुंदीच्या पाचपट झालं. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद असतो, त्याच्या पाचपट म्हणजे पावणेदोन मीटर. तेवढं मागे उभं राहून स्लाइड वाचा. जे वाचता येत नाही ते सभागृहातही वाचता येणार नाही. रांग २४ मीटरवर असेल तर आठपट, म्हणजे पावणेतीन मीटर मागं जा.

नारिंगी काढा बाप्पा. नेहमीच्या नारिंगीवर पांढऱ्या अक्षराचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर दोनच्या आसपास भरते, वेब सुलभतेच्या निकषात मोठ्या अक्षरालाही किमान ३ लागते, साध्याला ४.५. प्रोजेक्टरवर खोलीतला उजेड पडला की त्याहून कमी. पांढरी पार्श्वभूमी, जवळपास काळी अक्षरं, आणि नारिंगी फक्त एका स्तंभाला: तुमच्या शिफारशीच्या पद्धतीला. बाकी चार करडे. लाल-हिरवी जोडी टाळा, तो फरक न दिसणारे लोक प्रत्येक सभेत असतात.

फोटो व्हॉट्सॲपवरून घेतलेले असतील तर तो बारीक होऊन आलेला असतो, डिंकाचे थेंब फुटके दिसतील. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. एका स्लाइडवर दोनच फोटो, रोगट आणि निरोगी बुंधा, एकाच अंतरावरून काढलेले. शेजारी मोजपट्टी दिसली तर फारच छान.

माईकटेस्ट:
वरच्यांशी एका बाबतीत पटत नाही. खिडक्यांना जाड पडदे असलेलं, अंधार होणारं सभागृह असेल तर गडद निळ्यावर पांढरं डोळ्यांना सुखाचं पडतं. दुपारच्या उजेडातल्या बैठकीच्या खोलीत मात्र पांढरीच पार्श्वभूमी. म्हणजे खोली बघितल्याशिवाय ठरवू नका. तुमचं तर गावातच आहे, आदल्या दिवशी चक्कर मारा. खुर्च्या सपाट जमिनीवर असतील तर पडद्याचा खालचा चतुर्थांश डोक्यांमागे जातो. तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका, सी.डी. सुद्धा वरच्या कोपऱ्यात.

तिथे पाहायच्या गोष्टी: प्रोजेक्टर १६:९ आहे की जुना ४:३ (जुन्यावर १६:९ ची स्लाइड वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन येते, उंचीचा पाव भाग वाया), केबल एचडीएमआय आहे की व्हीजीए, आणि पडदा एलईडी भिंतीचा तर नाही ना. एलईडीवर लेझरचा ठिपका जवळपास दिसतच नाही. मग दाखवायचं ते बाण काढून स्लाइडवरच दाखवावं लागतं. लॅपटॉपला टाइप-सी असेल तर अडॅप्टर आपला न्यावा. मंचावर गेल्यावर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडलं तर टिपणं तुमच्यापुरती राहतात. 'डुप्लिकेट' ठेवलं तर दोन्हीकडे एकच चित्र. सूचना बंद, व्हॉट्सॲप वेब बंद, चार्जर लावलेला. व्हिडिओ असेल तर एमपी४, एच.२६४, फाइलच्या आतच घातलेला. नुसता दुवा दिला तर पेनड्राइव्हवर फाइलचा पत्ता बदलतो आणि काळी चौकट दिसते.

माईकपासून तोंड एक वीत. कॉलर माईक असेल तर हनुवटीखाली वीतभर लावा, आणि पदर किंवा ओढणी त्यावर घासणार नाही अशा बाजूला. पडद्याकडे तोंड करून बोलाल तर आवाज अर्धा होतो, आणि नेमका आलेख समजावताना सगळे तेच करतात. आधी वळून बोट दाखवा, गप्प राहा, परत वळा, मग बोला.

तिसरीरांग:
प्रश्नोत्तरांचं बोला. ३ मिनिटांत ३ प्रश्न होतात, फार तर. कोणते येणार हे बहुतेक आधी ठरलेलं असतं:

खुंट जंबेरी होता की रंगपूर? दोन्ही मिसळले असतील तर चाचणीच डळमळते.
डिंक्याचे आकडे टक्क्यांत होते, मग विश्लेषणाआधी कोनीय रूपांतर (टक्के विश्लेषणाला चालतील अशा आकड्यांत बदलणं) केलं का?
जमीन किती खोल, चुनखडीचं प्रमाण किती, निचरा कसा?
बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) सगळ्या झाडांना सारखं लावलं होतं का? (हा हमखास. एका पद्धतीत लावलं आणि दुसरीत नाही, तर श्रेय पाण्याचं की मलमाचं?)
आंबिया बहार होता की मृग (फुलोरा हिवाळ्याअखेरचा की पावसाळ्याच्या सुरुवातीचा), आणि ताण किती दिवस दिला, म्हणजे पाणी किती दिवस तोडलं?
बागायतदाराचा प्रश्न एकच: हेक्टरी खर्च किती.

प्रत्येकाला एक स्लाइड करून 'धन्यवाद'नंतर ठेवा. तुमचे ९ तक्ते तिथेच जातील, फुकट जाणार नाहीत. क्रमांक कागदावर लिहून ठेवा: स्लाइड चालू असताना १७ टाइप करून एंटर दाबलं की थेट सतरावी उघडते, सगळ्या सभेसमोर मागे-पुढे पळावं लागत नाही. प्रश्न ऐकला की आधी माईकवर एका वाक्यात परत सांगा, मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो. उत्तर ३० ते ४० सेकंद. माहीत नसेल तर 'ते मोजलेलं नाही' एवढंच म्हणा आणि थांबा. अंदाजाचा आकडा दिलात की दुसरा प्रश्न त्याच्यावरच येतो.

आणि 'धन्यवाद'ची स्लाइड पडद्यावर सोडू नका. प्रश्न चालू असताना तुमचा मुख्य आलेख समोर राहू दे.

काटोलरोड:
सगळ्यांचे आभार. ३४ च्या ११ केल्या, ८ मागे ठेवल्या. मुख्य आलेखाचं शीर्षक असं लिहिलंय: 'दुहेरी आळे व ठिबक पद्धतींमुळे डिंक्या रोगाच्या प्रादुर्भावात लक्षणीय घट आढळून आली.' मोठ्याने वाचलं तर पूर्ण भाषण ११ मिनिटं ४० सेकंद होतंय.

आकडेमोड:
'लक्षणीय' तिन्ही वर्षी सी.डी. ओलांडली असेल तरच ठेवा, दोनच वर्षी असेल तर 'तीनपैकी दोन वर्षी' असं लिहा. 'प्रादुर्भावात घट आढळून आली' ऐवजी 'डिंक्या कमी झाला'. आणि ठिबक म्हणजे एक नळी की दोन? दोघींचे आकडे वेगळे आहेत, शीर्षकात एकत्र केल्या तर पहिला प्रश्न तोच येईल.

११:४० जास्त आहे. भरभर बोलून ते साडेदहावर आणू नका. मांडणीतलं हवामान, माती आणि खतांच्या मात्रा मागच्या स्लाइडमध्ये टाका, मिनिटभर तिथेच सुटेल. उभं राहून, क्लिकर हातात घेऊन, घड्याळ लावून तीनदा म्हणा. दोन मिनिटं उरल्याची घंटा वाजली तर कोणती स्लाइड गाळायची तेही आत्ताच ठरवा. माझ्या मते बागेतल्या शिफारशीच्या आधीची, उत्पादनाची तिसऱ्या वर्षाची फोड. शिफारस गाळू नका, बागायतदार तेवढ्यासाठीच बसलेले असतात.