अनुभव धागा: स्वयंपाकघर नवं करताना गॅसची पाइपलाइन आणि मीटर

ठाणे (धागा सुरू करतेय)
आमचा फ्लॅट 22 वर्षांचा. आता स्वयंपाकघर तोडून नवं करायचंय. ओटा खिडकीखालून समोरच्या भिंतीला जातोय, म्हणजे पाइप्ड गॅसची लाइन आणि मीटर दोन्ही हलणार. इंटिरियरवाले म्हणतात, भिंतीत झिरी मारून पाइप गाडू, वरून टाइल्स लावू. माझं मन घेत नाही. हे काम करून घेतलेल्यांनी आधी काय ठरवलं, कुठे चुकलं, ते मनमोकळं लिहा.

डोंबिवली
ताई, गाडू देऊ नका. आमच्याकडे नळाच्या प्लंबरनेच गॅसचा पाइप चार फूट पुढे नेला. ठेकेदार म्हणाला, जीआय पाइपच आहे (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, नळाला असतो तसा), आणि आम्ही हो म्हटलं. आठवड्याभराने पहाटे दूध तापवायला उठले तर वास. शेगडीपाशी नाही, वर, फॉल्स सीलिंगच्या कडेला. इतकी वर्षं सिलिंडर वापरलेला, त्यामुळे वास आला की खाली वाकून हुंगायचं हीच सवय. पण पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा जवळपास निम्मा हलका, तो वर चढतो. आमच्याकडे पीओपीच्या पोकळीत साठत होता. खिडक्या उघडल्या, मीटरजवळचा कॉक बंद केला, दिव्याचं एकही बटण दाबलं नाही, आणि जिन्यात येऊन गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन केला.

त्यांच्या माणसाने सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एका एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणाच्या सांध्यावर, मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, लगेच दुसरा. मी तो बघत उभी होते आणि आत मुलं झोपलेली होती. पाइप भिंतीत असता तर साबण लावणार कुठे? तेव्हापासून आमचा पाइप उघडाच आहे, भिंतीच्या रंगात रंगवलेला. फॉल्स सीलिंग स्वयंपाकघरातून काढून टाकलं.

कोथरूड
आमची चूक मीटरची. सुताराने त्याच्यावर सुबक ट्रॉली बसवली. बिलाच्या वेळी दोन ड्रॉवर बाहेर काढायचे, मोबाइल आत घालून अंदाजाने फोटो काढायचा. एकदा कॉक बंद करायची वेळ आली तेव्हा सासूबाईंना तो सापडेचना. शेवटी दार कापून जाळी लावली. मीटर नजरेच्या उंचीवर, हवा खेळेल अशा जागी असावा. घरातल्या प्रत्येकाचा हात कॉकपर्यंत पोचतो का, ते प्रत्येकाला उभं करून बघा.

आणि क्रम पाळा. ट्रॉल्यांचं ड्रॉइंग हातात आलं की आधी गॅस कंपनीकडे अर्ज, मग तोडफोड. लाइन हलवायची ती त्यांच्या अधिकृत माणसांनीच. आम्ही टाइल्स लागल्यावर फोन केला, मग नव्या टाइल्सना भोकं पडली.

बोरिवली
नवा हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, घेणाऱ्यांसाठी. आमचा सिलिंडरच्या गॅससाठी लावलेला आला होता. पाइपचा गॅस कमी दाबाने येतो, साधारण 21 मिलिबारने, आणि तेवढ्याच आकारमानाला त्याची उष्णताही कमी, म्हणून जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचं) भोक मोठं लागतं. जेट न बदलता लावला तर ज्योत अगदी मंद, भाकरी फुगेना. जेट बदलण्याचं काम कोण करणार ते खरेदीच्या वेळीच ठरवा. रबरी नळी दीड मीटरच्या आत, ट्रॉलीच्या पाठीमागून किंवा ओव्हनला घासून जाणारी नको.

कोल्हापूर
आमच्याकडे सिलिंडरच. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत जाळी ठेवली. पाइपवाल्यांनी ती वर ठेवायची.

ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. डोंबिवलीच्या ताईंचं लिहिणं घरात मोठ्याने वाचून दाखवलं, झिरीचा विषय तिथेच संपला. आज गॅस कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने भिंतीवर खडूने रेघ ओढली: ड्राय बाल्कनीतून आत, भिंत ओलांडताना पाइपभोवती स्लीव्ह (बाहेरची मोठी नळी), स्विचबोर्डापासून लांबून, ओट्याच्या वर उघड्यावर. मीटर ड्राय बाल्कनीतच राहतोय, म्हणून तिथे काचेच्या सरकत्या खिडक्या लावायचा बेत रद्द केला. सुताराला त्या रेघेचा फोटो पाठवलाय, वरचं कपाट सहा इंच कमी करायला सांगितलंय.