मदत हवी आहे: फॉर्ममधली चूक युजरच्या लक्षात कशी आणून द्यायची?

एक लांबलचक फॉर्म बनवतोय, एकाच पानावर ठेवायचाय, भरणारे बहुतेक मोबाईलवरून आणि त्यात स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारेही आहेत. सबमिट केल्यावर चुकलेल्या रकान्याखाली लाल मेसेज येतो पण तो वर कुठेतरी राहतो, माणूस बिचारा खाली बटणच दाबत बसतो. अक्षरं आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट ४.५:१ च्या वर आहे, लेबलं कायम दिसतात, मेसेज एरिया-डिस्क्राइब्डबायने (aria-describedby, रकान्याबद्दलचा मजकूर कुठला ते स्क्रीन रीडरला सांगणारा कोड) रकान्याला जोडलेत. टाइप करतानाच चूक दाखवून पाहिली, तर मोबाईल नंबरचा पहिला आकडा टाकताच 'नंबर चुकीचा' यायला लागलं, म्हणून ते काढलं. आता सबमिटनंतर फोकस (पानावर सध्या निवडलेली जागा) थेट पहिल्या चुकलेल्या रकान्यात न्यावा की वर सगळ्या चुकांची लिंकवाली यादी देऊन तिच्यावर? टॉकबॅकवर (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) यातलं प्रत्यक्ष काय नीट चालतं, कुणी करून बघितलंय का?