मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय, परत होऊ नये म्हणून काय करू?

सातपूरवाला:
नमस्कार मंडळी. वय ३८, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर शिफ्ट ड्युटी. दीड महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं, जखम भरलीये, रक्तबिक्त काही नाही. पण चुलतभावाचं चार वर्षांत परत उपटलं म्हणून धास्ती बसलीये. डॉक्टर म्हणाले फायबर खा, पाणी प्या, किती ते विचारायचंच राहिलं. आणि खरं सांगा, मिसळ कायमची बंद का? नाशकात राहून?

पंचवटीकर:
माझं होऊन ६ वर्षं झाली, अजून त्रास नाही. मिसळीला उगाच फाशी नको भाऊ. तर्रीने आग होते हे खरं, पण मूळ भानगड कुंथण्याची, खडा झाला की कुंथणं आलं आणि कुंथलं की तिथल्या शिरा फुगणार. मटकी चांगलीच आहे, मैद्याचे चार पाव रिचवता ते बघा. माझी खरी खोड मोबाईल होती, आत अर्धा अर्धा तास रील्स, बायको दार वाजवून दमायची. आता फोन बाहेर, ५ मिनिटांत नाही झालं तर सरळ उठायचं, कळ आली की परत जायचं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, फरक पडतो.

भाकरी_ठेचा:
दिवसाला २५-३० ग्रॅम फायबर पाहिजे. बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू. आपल्याकडे द्राक्षं पोटभर खातात पण १०० ग्रॅम द्राक्षात फायबर जेमतेम १ ग्रॅम, पेरूत ५ तरी असतं. सगळं एकदम वाढवू नका, गॅसने जीव जाईल 😀 इसबगोल घेत असाल तर मोठा ग्लासभर पाण्यात आणि लगेच प्यायचं, कमी पाण्यात घेतलं तर उलट आत घट्ट बसतं.

नाशिकरोड_७७:
एक सांगतो, परत रक्त दिसलं तर मूळव्याधच आहे असं धरून बसू नका. आमचे काका वर्षभर मलम लावत बसले, तपासलं तर आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरला दाखवायचं, लाजायचं नाही.

सातपूरवाला:
बापरे, हे लक्षात ठेवतो. माझं पाण्याचंच चुकतंय बहुतेक, सारखं लघवीला गेलं की सुपरवायझर तोंड वाकडं करतो म्हणून मी शिफ्टभर अर्धी बाटली पण संपवत नव्हतो. आणि पंचवटीकर, हा मेसेज पण आतूनच टाईप करतोय, उठतो आता.