इराण: पोलीस, बसीज, पासदारान. कोण कुणाच्या हुकमात?

छत्रीबागकर: शनिवारी इंदुरात आमच्या वाचकमंडळात इराणवर बोलायचंय. बसीज म्हणजे पोलीसच ना? गृहमंत्र्याच्या हाताखाली?

रामबागी: नाही हो. शहर पोलीस, ग्रामीण जेंडार्मरी आणि १९७९च्या क्रांतीनंतरच्या कोमिते (सशस्त्र समित्या) १९९१ मध्ये एकत्र करून पोलीस दल झालं; २०२१ पासून त्याचं नाव ‘फराजा’. हिजाब तपासणारी गश्त-ए-इर्शाद, ती पांढरी-हिरवी व्हॅन, पोलिसांचीच. बसीज मात्र पासदारानचं, म्हणजे नियमित सैन्यापासून वेगळ्या क्रांतिरक्षक दलाचं, स्वयंसेवक दल; मशिदी, कॉलेजं, कारखान्यांतून त्याचे तळ.

राजवाडा४: गृहमंत्र्याचं राहिलंच. घटनेचं कलम ११० बघा: पासदारान आणि पोलीस, दोन्हींचे प्रमुख सर्वोच्च नेता नेमतो, राष्ट्राध्यक्ष किंवा गृहमंत्री नाही. आपल्या पोलीस आयुक्तालयाशी तुलना केलीत तर फसाल, इथली नेमणूक राज्य सरकारची. निदर्शनं चिघळली की बसीज मोटरसायकलींवरून येतात: एक चालवतो, मागचा दांडका धरतो. बोळात व्हॅन अडकते, मोटरसायकल नाही.

छत्रीबागकर: गणवेश असतो?

रामबागी: पुष्कळदा साधेच कपडे. म्हणून तर नेमकं कुणी मारलं, हे लोकांना सांगता येत नाही. तक्रार करणार कुणाविरुद्ध?