मदत हवी आहे: फुटबॉल क्लबच्या ऑडिटबद्दल (इंदूर)

नमस्कार मंडळी. रामबागेजवळच्या आमच्या छोट्या फुटबॉल क्लबाचा मी जुना सभासद. क्लब मध्यप्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेला आहे.

परवाच्या सभेत हिशेब वाचून दाखवले. 'मैदान दुरुस्ती: 1,85,000.' आता मैदान मी रोज पाहतो हो! गोलपोस्टची जाळी अजून सुतळीनेच बांधलेली आहे, डाव्या कोपऱ्यात पावसाळ्यात डबकं. पावती मागितली तर खजिनदार म्हणाले, "काका, ऑडिट झालंय, आता कशाला?" पोहे आले आणि विषय तिथेच बुडाला.

ऑडिट रिपोर्टची झेरॉक्स कशीबशी मिळवली. सहीशिक्का आहे, पण यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) नाही. जुलै 2019 पासून सीएंच्या ऑडिट रिपोर्टवर हा 18 अक्षरी क्रमांक लागतोच ना? नसेल तर तो रिपोर्ट ग्राह्य धरायचा का?

दुसरं, सोसायट्यांच्या रजिस्ट्रारकडे त्याच कायद्याच्या कलम 32 खाली चौकशी मागायची तर एक तृतीयांश सभासद आणि शपथपत्र हवं. आम्ही 64, म्हणजे 22 जण. तोंडाने चिडलेले तीस आहेत, सही करणारे नऊ! एवढ्यांच्या अर्जावर रजिस्ट्रार स्वतःहून चौकशी लावतात का? कोणाचा अनुभव?

शपथपत्र सगळ्यांचं वेगळं लागतं की एकच चालतं, तेही सांगा. कोणी सीए किंवा वकील असाल तर कृपया मेसेज करा. चोरीचा आरोप मला करायचा नाही, खजिनदार शेजारीच राहतात. फक्त पावत्या बघायच्या आहेत.