प्रत्येक प्लॅटूनला जॅमर द्यावा का?

सावंतवाडीकर (धागाकर्ता): मे 2025 मध्ये एका रात्रीत पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी तीन-चारशे ड्रोन सोडले, असं सरकारनेच सांगितलं. काही गोळ्यांनी पडले, काही नुसता सिग्नल तोडून. ‘संयुक्ता’, ‘हिमशक्ती’ या शत्रूचे सिग्नल पकडणाऱ्या-तोडणाऱ्या आपल्या मोठ्या यंत्रणा गाड्यांवर बसवलेल्या. आंबोलीचा पोरगा खंदकात असेल आणि डोक्यावर ड्रोन घोंघावत असेल, तर त्या गाडीचा त्याला काय उपयोग? पाठीवरचा जॅमर, म्हणजे ड्रोनचा सिग्नल तोडणारं यंत्र, प्रत्येक प्लॅटूनला (तीसेक जवानांच्या तुकडीला) द्याच.

निवृत्त सिग्नलवाला, खेड: भाऊ, जॅमर म्हणजे काळोखात पेटवलेली गॅसबत्ती. बटण दाबलं की तो स्वतःच लहरी फेकतो. शत्रूचे रिसीव्हर दोन-तीन जागांवरून दिशा घेतात, नकाशावर रेघा जिथे छेदतात तिथे तोफेचा गोळा. वर आपलाच वायरलेस बसतो, ते निराळंच. जवानाला आधी वायरलेस सेटची शिस्त शिकवा: पॉवर कमी, बोलणं तुटक, काम नसेल तर सेट बंद.

सावंतवाडीकर: सेट बंद ठेवून ड्रोन परत जातो का? जॅमर दिवसभर नाही, शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरताच लावायचा.

तारकर्लीचो: माका तुमचां दोघांचांय पटना नाय. आमच्या तांडेलाक जीपीएस बंद पडलो तरी डोंगराच्या खुणेर किनारो गावता. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, खाली पोचणारा सिग्नल अगदी क्षीण. तो बुडवायला फार ताकद लागतच नाही. युक्रेनमध्ये अमेरिकेच्या एक्सकॅलिबर या जीपीएसवर नेम धरणाऱ्या तोफगोळ्यांचा नेम त्यानेच चुकू लागला. म्हणून होकायंत्र आणि नकाशा पहिले.

चिपळूणचा इंजिनिअर: सगळे 2022 मध्येच अडकलात. 2024 पासून रशियन ड्रोन मागे फायबरची बारीक तार सोडत येतात, दहा-वीस किलोमीटर. रेडिओच नाही, तर जॅम काय करणार? आपलं टेंडर निघून माल हाती येईपर्यंत फ्रीक्वेन्सी चार वेळा बदललेली असेल. (टेंडरचा अनुभव आहे, विचारू नका.)

तारकर्लीचो: तारेच्या ड्रोनाक जाळां. थट्टा नाय! फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांनी जुनी जाळी युक्रेनला पाठवली, रस्त्यांवर ताणायला.

निवृत्त सिग्नलवाला, खेड: रस्त्याला ठीक. चालत्या प्लॅटूनवर जाळं धरून कोण पळणार?

सावंतवाडीकर: म्हणजे पुन्हा जॅमरच ना, काका? तारेवाले सोडा, रेडिओवाले तरी अडतील.